मोठं अपडेट वेळेवर येईल का, आन् आलं तर धड चालंल का

नवीन अँड्रॉइड येतंय, नवीन आयओएस (आयफोनचं मूळ सॉफ्टवेअर) येतंय अशा बातम्या उन्हाळ्यापासूनच सुरू होतात आणि मग दिवाळीपर्यंत जो तो एकच विचारतो, माझ्या फोनला कधी येणार, आणि आलं तर करू का नको. मोंढ्यात, एसटीत, क्लासच्या पोरांमधी, शाळेच्या स्टाफरूममधी, सगळीकडं हेच. आता हा प्रश्न दिसतो एक पण आत दोन आहेत. अपडेट वेळेवर येईल का हा एक, आणि आल्यावर स्टेबल असंल का हा दुसरा. लोक दोन्ही एका दमात विचारतात म्हणून उत्तरबी गोंधळाचं मिळतं, कारण ह्या दोन गोष्टी एकमेकीला ओढतात. तारीख पाळायची म्हणलं की तपासणी कमी पडते, तपासणी पुरी करायची म्हणलं की तारीख हुकते. कंपनी कोणतीबी असो, तिला ह्यातूनच वाट काढावी लागते, आणि ती कशी काढते हे एकदा कळलं की निस्ती बातमी वाचून आपल्याला बराच अंदाज येतो. माझं मत आत्ताच सांगून टाकतो, मोठं अपडेट उशिरा आलं तर मला वाईट वाटत नाही, घाईघाईत आलं तर वाटतं.

आधी मोठं अपडेट म्हणजे काय ते सांगतो कारण इथंच घोळ होतो. फोनवर अपडेट म्हणून जे काही दिसतं ते सगळं एक नसतं. व्हॉट्सॲप, फोनपे असले ॲप अपडेट होतात ती वेगळी गोष्ट, त्याचा फोनच्या मूळ सॉफ्टवेअरशी संबंध नाही. दुसरं असतं सिक्युरिटी पॅच, गूगल अँड्रॉइडमधी सापडलेली भोकं वेळोवेळी जाहीर करतं आणि ती बुजवणारं छोटं अपडेट कंपन्या देतात, कोणी दर महिन्याला देतं कोणी तीन महिन्यांनी. तिसरं ते मोठं, अँड्रॉइड १५ चं १६ होणं, सॅमसंगचं वन यूआय (अँड्रॉइडवर चढवलेला त्यांचा रंगढंग) ७ चं ८ होणं, आयफोनचं १८ वरून थेट २६ होणं (अ‍ॅपलनं २०२५ ला नंबर वर्षाप्रमाणं लावायला सुरुवात केली म्हणून मधले आकडे गाळले, मधलं काही आपल्याकडून सुटलं असं नाही). ह्या तिसऱ्यात फोनचं रूपडं, सेटिंग, परवानग्या, कॅमेरा, बॅटरीचं गणित सगळंच हलतं, म्हणून भीती पण ह्याचीच.

आता तारखेचं बघू. अँड्रॉइड १२ चा कोड, म्हणजे ज्यातून सॉफ्टवेअर बनतं ते मूळ लिखाण, गूगलनं ४ ऑक्टोबर २०२१ ला खुला केला पण गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर तो आला १९ ऑक्टोबरला. अँड्रॉइड १३ आलं १५ ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे बरंच लवकर. १४ आलं ४ ऑक्टोबर २०२३ ला. १५ चा कोड ३ सप्टेंबर २०२४ ला आणि पिक्सेलवर १५ ऑक्टोबरला. आणि १६ तर १० जून २०२५ लाच येऊन बसलं. म्हणजे एक साल जून, एक साल ऑगस्ट, एक साल ऑक्टोबर. ह्यावरून एवढं कळतं की अँड्रॉइडला ठरलेली तारीख अशी नसतेच, गूगल आधी फक्त अंदाजे तिमाही सांगतं आणि बाकी सगळं बातम्यावाल्यांचं गणित असतं, मग ते गणित चुकलं की म्हणायचं अपडेट लांबलं. न दिलेली तारीख हुकणार कशी?

अ‍ॅपलचं वेगळं आहे. आयओएस १५ आलं २० सप्टेंबर २०२१ ला, १६ आलं १२ सप्टेंबर २०२२ ला, १७ आलं १८ सप्टेंबर २०२३ ला, १८ आलं १६ सप्टेंबर २०२४ ला, आणि २६ आलं १५ सप्टेंबर २०२५ ला. आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मागंपुढंच दरसाली. एवढं पक्कं कसं जमतं, तर नवीन आयफोन त्याच महिन्यात विकायला निघतात आणि त्या फोनमधी नवीन सॉफ्टवेअर टाकूनच ते डब्यात भरायचे असतात, त्यामुळं तारीख हलवायची सोयच नाही. फोन त्यांचा, चिप त्यांची, सॉफ्टवेअर त्यांचं, मधी विचारायला कोणी नाही.

पण तारीख हलवायची नाही आणि काम तर पुरं झालेलं नाही, मग करतात काय? जे तयार नाही ते बाजूला काढून ठेवतात. लोकांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. आयओएस १८ वेळेवर आलं हे खरं, पण ज्या एआयवाल्या फीचरची जाहिरात झाली होती ती त्यात नव्हतीच, ती थोडी थोडी २८ ऑक्टोबर २०२४ ला १८.१ मधी यायला सुरुवात झाली, आणि सिरीचा, म्हणजे आयफोनमधल्या बोलून कामं सांगायच्या सोयीचा, जो मोठा बदल दाखवला होता तो पुढं ढकलल्याचं कंपनीनं मार्च २०२५ मधी सांगितलं. गूगलनं पण तेच केलं, अँड्रॉइड १६ जूनमधी आलं पण नवीन डिझाइन जे सगळ्यांना बघायचं होतं ते पिक्सेलवर ३ सप्टेंबर २०२५ ला आलं. म्हणजे कागदावर वेळेवर, हातात मात्र हप्त्या-हप्त्यानं. मला विचाराल तर ही पद्धत चांगली आहे, अर्धं कच्चं फीचर लोकांच्या फोनवर घालण्यापेक्षा ते थांबवलेलं कधीबी बरं, राग एवढाच येतो की फोन विकताना जाहिरात त्याच फीचरची करतात. २०२२ ला तर अ‍ॅपलनं आयफोनचं अपडेट सप्टेंबरात दिलं आणि आयपॅडचं थांबवून २४ ऑक्टोबरला दिलं, कारण त्यातली स्क्रीनवर ॲपच्या खिडक्या मांडायची नवी पद्धत धड चालत नव्हती. हे सरळ काम झालं.

बरं, गूगलनं अपडेट सोडलं म्हणजे आपल्याला आलं का? इथं आपल्याकडच्या माणसाला जास्त समजावून सांगायची गरज नाही. पैठणला जायकवाडीतून आवर्तन सुटलं ही बातमी एका दिवशी येते आणि टेलच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाणी कधी पोचतं ते त्यालाच माहीत, मधी फाटे, चाऱ्या, दारं, आणि प्रत्येक दाराशी कोणीतरी बसलेलं. अँड्रॉइडचं डिट्टो तसंच आहे. गूगल कोड सोडतं, मग क्वालकॉम नाहीतर मीडियाटेक सारखी चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपवर तो चालावा म्हणून खालचे ड्रायव्हर (चिपला चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) वगैरे तयार करून देते, मग सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, ज्याची त्याची कंपनी त्यावर आपला रंगढंग चढवते, आपले ॲप बसवते, मग गूगलची ठरलेली चाचणी पास करावी लागते, काही देशांत सिम कंपन्यांची तपासणी असते, मग देशाप्रमाणं आणि मॉडेलप्रमाणं वेगळ्या फाइली बनतात, आणि शेवटी एकाच मॉडेलच्या फोनांना पण सगळ्यांना एका दिवशी देत नाहीत, थोड्या थोड्यांना देतात. ह्यात एकानं जरी उशीर केला की टेलला बसलेल्याला उशीर. चिप जुनी झाली आणि चिपवाल्या कंपनीनंच हात वर केले तर फोन कंपनीला मनात असूनबी पुढचं अँड्रॉइड देणं अवघड जातं, हे गिऱ्हाइकाला कधीच कोणी सांगत नाही.

ही साखळी तोडायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २०१७ ला अँड्रॉइड ८ सोबत गूगलनं ट्रेबल नावाचं काम केलं, त्यात चिपवाल्यांचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगवेगळा केला, म्हणजे वरचं बदलताना दरवेळी खालचं सगळं नव्यानं लिहायला लागू नये. मग अँड्रॉइड १० पासून काही तुकडे थेट प्ले स्टोअरच्या वाटेनं अपडेट व्हायला लागले, सेटिंगमधी गूगल प्ले सिस्टीम अपडेट म्हणून जे दिसतं ते हेच. ह्यानं फरक पडला, पूर्वी सालसाल वाट बघावी लागायची ती कमी झाली. पण साखळी संपली नाही.

सॅमसंगचं उदाहरण घेऊ कारण एकाच कंपनीत दोन्ही टोकं दिसतात. अँड्रॉइड १५ चा कोड सप्टेंबर २०२४ ला खुला झाला होता, त्यावरचं वन यूआय ७ बीटामधी, म्हणजे लोकांना वापरून बघायला दिलेल्या कच्च्या रूपात, आलं डिसेंबरात, नवीन एस२५ फोनमधी आधी घालून विकलं, आणि जुन्या एस२४ वाल्यांना स्टेबल मिळायला लागलं ७ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे सात महिने. लोकांनी लई नावं ठेवली. एवढं थांबून दिल्यावर तरी निर्मळ असंल म्हणलं, तर आठवड्याभरातच वाटप थांबवायची पाळी आली कारण कोरियात काहींचे फोन अपडेटनंतर अनलॉकच होईनात. मग दुरुस्त करून पुन्हा सुरू केलं. पुढच्याच वेळी मात्र वन यूआय ८ एस२५ वर १५ सप्टेंबर २०२५ लाच आलं, गूगलच्या कोडनंतर जेमतेम तीन महिन्यांत. आता ह्यातून काय घ्यायचं? उशीर झाला म्हणून ते स्टेबलच असणार ही खात्री नाही आणि लवकर आलं म्हणजे कच्चंच असणार असंबी नाही. बदल केवढा मोठा होता हे बघायचं. वन यूआय ७ मधी सगळा चेहराच बदलला होता, ८ मधी त्याच्यावर थोडं थोडं काम होतं. ज्या साली कंपनी म्हणते की सगळं नवं आहे त्या साली सांभाळून राहायचं, ज्या साली लोक म्हणतात ह्यात काय नवीनच नाही, ते साल अपडेट करायला सगळ्यात चांगलं. हे मी मनापासून सांगतो.

एक भारतातली गोष्ट पण ह्या साखळीतच येते. आपल्याकडं ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. आयफोनमधी ५जीचं हार्डवेअर आधीपासून होतं, सिम होतं, पण भारतातलं ५जी चालू व्हायला आयओएस १६.२ ची वाट बघावी लागली, ते डिसेंबरात आलं. फोन महागाचा, टॉवर उभा, आणि मधी एक सॉफ्टवेअरचं दार बंद.

आता स्टेबल ह्या शब्दाकडं येऊ. लोकांना वाटतं स्टेबल म्हणजे एकबी चूक नाही. असं कोणतंच सॉफ्टवेअर कधी निघालेलं नाही. कंपनीच्या आत चुकांची यादी असते, हजारोंनी असते, आणि त्यांची वर्गवारी असते. फोन चालूच होईना, कॉल लागंना, डेटा उडाला, पैशाचं ॲप उघडंना, असल्या चुका असल्या की अपडेट बाहेर सोडत नाहीत, निदान सोडू नये. एखादं बटन थोडं खाली सरकलं, एखादा आवाज उशिरा आला, असल्या चुका ठेवून अपडेट निघतं आणि मग त्या पुढच्या महिन्यात काढतात. त्यामुळं स्टेबल ह्याचा खरा अर्थ एवढाच की मोठ्या यादीतलं आम्हाला दिसलेलं काही शिल्लक नाही. आम्हाला दिसलेलं, हे महत्त्वाचं.

दिसावं म्हणून बीटा असतो. अँड्रॉइड १६ चं बघा, नोव्हेंबर २०२४ ला डेव्हलपर प्रिव्ह्यू, म्हणजे फक्त ॲप बनवणाऱ्यांसाठी, जानेवारी २०२५ ला पहिला बीटा, मार्चमधी प्लॅटफॉर्म स्टेबिलिटी, मग एप्रिलात आणखी एक बीटा, आणि जूनला पक्कं. ह्यातली प्लॅटफॉर्म स्टेबिलिटी ही पायरी मला सगळ्यात कामाची वाटते आणि बातम्यांत तिच्यावर कोणी बोलत नाही. त्या दिवशी गूगल सांगतं की ॲप आणि अँड्रॉइड एकमेकांशी ज्या रीतीनं बोलतात ती रीत आता बदलणार नाही, आता तुम्ही तुमचे ॲप पक्के करून घ्या. म्हणजे बँकवाल्यांना, सरकारी ॲप बनवणाऱ्यांना, सगळ्यांना अपडेट यायच्या आधी काही महिने मिळालेले असतात. अपडेट केल्यावर बँकेचं ॲप उघडंना झालं की आपण शिव्या देतो अँड्रॉइडला, पण कितीतरी वेळा चूक त्या ॲपवाल्याची असते, त्यानं ते महिने वापरलेलेच नसतात.

मग एवढे बीटा काढून, लाखो लोकांनी वापरून पण चूक राहते कशी? कारण बीटा वापरणारा माणूस कोण असतो ते बघा. त्याचा फोन नवा, महागाचा, स्टोरेज मोकळं, घरात वायफाय, आणि फोन बिघडला तर दुसरा फोन आहे. आपल्याकडं फोन कसा असतो? ६४ जीबीचा, त्यातला ६० जीबी भरलेला, गुड मॉर्निंगचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, दोन सिम दोन कंपन्यांचे, एकाला गावात रेंज आहे तर दुसऱ्याला तालुक्यात, मे महिन्यात परभणी-नांदेडला ४२-४३ डिग्रीत खिशात तापलेला, आणि तोच फोन बापाच्या बँकेचा, पोरीच्या ऑनलाइन फॉर्मचा आणि आईच्या व्हिडिओ कॉलचा. असल्या फोनवर कोणी बीटा टाकत नाही आणि टाकूबी नये. म्हणून असल्या फोनवरच्या चुका दिसतात त्या स्टेबल आल्यावरच.

ऑक्टोबर २०२३ ला अँड्रॉइड १४ सोबत नेमकं असंच झालं. पिक्सेल ६ आणि त्यापुढच्या फोनांवर ज्यांनी एकाच फोनात दोन-तीन युजर प्रोफाइल करून ठेवले होते, घरातल्या पोरासाठी वेगळं, असं, त्यांना स्वतःच्याच फोटो-फाइलींपर्यंत पोचता येईना, काहींचे फोन सारखे रीस्टार्ट व्हायला लागले. एकच प्रोफाइल वापरणाऱ्याला काहीच त्रास नाही. बीटावाल्यांत असं वापरणारे थोडे, म्हणून वेळेत पकडलं गेलं नसावं. शाओमीच्या मी ए३ ला २०२० च्या अखेरीला अँड्रॉइड ११ दिलं तर कितीक फोन डेडच झाले, कंपनीला अपडेट मागं घ्यावं लागलं आणि सर्व्हिस सेंटरमधी फुकट दुरुस्त करून द्यावे लागले. वनप्लसनं डिसेंबर २०२१ ला ९ सिरीजला ऑक्सिजनओएस १२ (त्यांच्या रंगढंगाचं अँड्रॉइड) दिलं आणि थोड्याच दिवसांत थांबवलं. अ‍ॅपल पण सुटलेलं नाही, २४ सप्टेंबर २०१४ ला आयओएस ८.०.१ दिलं आणि आयफोन ६ ची रेंजच गेली, बोटाचा ठसा लागंना, तासाभरात मागं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं. ती तर छोटी दुरुस्ती होती, मोठं अपडेट नव्हतंच.

हे सांगायचं कारण घाबरवायचं नाही. चूक राहणारच आहे, म्हणून तर कंपन्या टप्प्याटप्प्यानं वाटतात. आधी थोड्या फोनांना द्यायचं, किती फोन रीस्टार्ट होतात, किती ॲप बंद पडतात ह्याचे आकडे आपोआप कंपनीकडं जातात, ते ठीक दिसले की पुढच्यांना. म्हणून शेजाऱ्याला आलं आणि मला का नाही, फोन तर सेम आहे, असं वाटलं तर त्याचं कारण हे. तुम्ही मागच्या गटात आहात आणि खरं म्हणजे ती चांगली जागा आहे. जबरदस्तीनं कुठूनतरी फाइल उतरवून टाकायच्या मागं लागू नका, बाहेरच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या फाइलीत काय भरलेलं आहे ते कोणाला ठाऊक.

मग अंदाज कसा लावायचा. मी बातमीत पहिलं बघतो ते बीटाची चाल. बीटा नेमानं येत गेले, प्रत्येकात दुरुस्त्यांची यादी आखूड होत गेली, शेवटच्यात नवीन काही घातलंच नाही, निस्त्या दुरुस्त्या, तर काम मार्गावर आहे. उलट शेवटी शेवटी नवीन फीचर घुसवायला लागले, मधीच बीटा थांबवला, एकाच चुकीसाठी लागोपाठ दोन-तीन छोटे बीटा काढले, तर समजायचं आत ओढाताण चाललीय, मग तारीख तरी सरकंल नाहीतर काहीतरी कापलं जाईल. कापलं जाणं हे त्यातल्या त्यात चांगलं लक्षण. आणि स्टेबल आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बघायचं, की वाटप थांबवलं का, आणि पहिली दुरुस्ती किती लवकर आली. आयओएस १३ आलं १९ सप्टेंबर २०१९ ला आणि १३.१ आलं पाच दिवसांनी २४ ला, आधी ठरलेलं होतं ३० ला. मोठी दुरुस्ती ठरल्याच्या आधी द्यावी लागणं म्हणजे पहिलं कच्चं होतं हे त्यांनीच सांगितल्यासारखं आहे.

अपडेट केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फोन तापतो, बॅटरी भसाभसा उतरते, ह्याला लगेच चूक म्हणू नका. नवीन सिस्टीम आली की फोन आतल्या आत सगळे ॲप नव्यानं मांडतो, हजारो फोटो पुन्हा चाळून त्यांची यादी करतो, आणि हे काम जास्त करून रात्री चार्जिंगला लावल्यावर होतं. रात्री चार्जिंगला लावून ठेवा, दोनेक दिवस बघा. त्यानंतरबी तसंच राहिलं तर मग खरंच काहीतरी आहे. आयफोन १५ च्या वेळी लोक म्हणत होते तापतोय आणि त्यात आयओएस १७ चीबी चूक निघाली, ४ ऑक्टोबर २०२३ ला १७.०.३ देऊन ती काढली.

अपडेट देऊन मुद्दाम फोन स्लो करतात का, हा प्रश्न प्रत्येक चहाच्या टपरीवर निघतो आणि तो अगदीच हवेतला नाही. जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरनं कमी केल्याचं अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ ला मान्य केलं, बॅटरी कमजोर झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं असं म्हणाले, पण गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. इटलीनं २०१८ ला ह्याच कारणावरून अ‍ॅपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, मुद्दा हा की जुन्या फोनाला न पेलणारी अपडेट लोकांना धड न सांगता घ्यायला लावली. आपल्याकडं पण आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अ‍ॅपलला नोटीस पाठवली. म्हणून चार-पाच साल जुना, बॅटरी थकलेला फोन असंल तर मोठ्या अपडेटच्या आधी बॅटरी बदलून घेतलेली चांगली, स्लो होण्याचं अर्धं कारण तिथंच मिटतं.

मोबाइलच्या दुकानात उभं राहिलं की ह्या सगळ्याचं दुसरं टोक दिसतं. लातूरला बसस्टँडजवळच्या एका दुकानात एक मावशी फोन घेऊन आलेल्या, कंपनीचा लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. "दादा, पोरानं अपडेट लावलं आन् मधीच लाइट गेली, चार्जिंग संपली, तवापासून असंच करायलंय." दुकानदारानं दोन बटनं दाबून धरली, काळ्या स्क्रीनवर बारीक अक्षरं आली, ती बघून म्हणाला, "मावशी, सॉफ्टवेअर मारून देतो, फोन चालू होईल. पन आतलं सगळं उडंल. फोटो कुठं दुसरीकडं ठेवलेत का?" मावशी नुस्त्या बघत राहिल्या. नातवाचे बारशापासूनचे फोटो त्यातच होते.

आता बऱ्याच फोनांत असं होऊ नये म्हणून सोय असते. अँड्रॉइड ७ पासून एक पद्धत आली, फोनमधी सिस्टीमच्या दोन जागा असतात, एकीवर फोन चालू असतो आणि नवीन अपडेट गुपचूप दुसऱ्या जागेवर बसतं, रीस्टार्ट केला की नवीनवर जातो, आणि नवीन चालूच झालं नाही तर आपणहून जुन्यावर परत येतो. पुढं अँड्रॉइड ११ पासून जागा वाचवायला हेच काम तुमच्या मोकळ्या स्टोरेजमधी तात्पुरतं करायला लागले. म्हणून अपडेट जागा मागतंय तर उगंच मागत नाही, स्टोरेज तुडुंब भरलेलं असंल तर ही सोय लंगडी पडते. पण सगळ्या कंपन्यांनी, विशेष करून स्वस्तातल्या फोनांत, ही पद्धत लगेच घेतली नाही. आणि एकदा नवीनवर फोन नीट चालू झाला की मागं जायची वाट जवळपास बंद होते, जायचंच म्हणलं तर आतलं सगळं पुसून जावं लागतं, काही फोनांत तर कंपनी सुरक्षेसाठी जुन्यावर जाऊच देत नाही. आवडलं नाही तर परत जुनं टाकू, असा विचार करून मोठं अपडेट लावू नका.

आणि आपल्यासाठी सगळ्यात अडचणीची गोष्ट ही की मोठ्या अपडेटचा मोसम आणि आपला मोसम एकच. ऑगस्ट-सप्टेंबरला खरिपाची ई-पीक पाहणी चालू असते, सोयाबीन-कापसात उभं राहून गटाच्या जवळ जाऊन लोकेशन लावून फोटो काढायचा, त्यावर सातबाऱ्यावर पीकपेरा चढतो, आणि पुढं हमीभावाची खरेदी काय, नुकसानीची मदत काय, सगळं त्यावर. आता अँड्रॉइड ११ पासून एक नियम आला, एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही तर फोन त्याच्या परवानग्या आपोआप काढून घेतो, लोकेशन, कॅमेरा, सगळ्या. नियम चांगला आहे, पण ई-पीक पाहणीचं ॲप आपण मोसमालाच उघडतो, म्हणजे ते ह्या नियमात हमखास सापडतं. आणि अँड्रॉइड १२ पासून लोकेशन विचारताना अचूक का अंदाजे असे दोन पर्याय येतात, घाईत कोणी अंदाजे दाबलं की ॲपला आपण बांधावर आहोत का दोन किलोमीटर लांब रस्त्यावर आहोत हेच कळत नाही. माणूस चिखलात उभा, वर ढग, नेट एक कांडी, आणि ॲप म्हणतंय तुम्ही गटाच्या बाहेर आहात. तवा सेटिंगमधी जायचं, ॲप्स, त्यात ते ॲप, परवानग्या, लोकेशन, आणि तिथं अचूक लोकेशन वापरा हे चालू करायचं, आणि खाली न वापरल्यास परवानग्या काढा अशा अर्थाचं जे बटन असतं ते बंद करायचं. पाहणीच्या आधी घरी बसून, वायफाय नाहीतर चांगल्या रेंजमधी, हे करून घ्या.

म्हणून मी घरच्यांना आणि गावाकडच्यांना जे सांगतो ते असं. सिक्युरिटी पॅच आला की दोन-चार दिवसांत लावून टाका, त्याला थांबायचं कारण नाही, बँक आणि यूपीआय त्याच फोनवर आहे. मोठं अपडेट आलं की लगेच लावू नका, पहिली दुरुस्ती येऊ द्या, साधारण महिनाभर, आणि तो महिना पाहणीचा, परीक्षेच्या फॉर्मचा, कौन्सिलिंगचा असंल तर ते काम उरकल्यावरच लावा, मग दिवाळी झाली तरी हरकत नाही. लावायच्या आदल्या दिवशी फोटो कुठंतरी दुसरीकडं काढून घ्या, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, दहाएक जीबी जागा मोकळी करा, आणि लावताना फोन चार्ज झालेला पाहिजे, लाइट जायची येळ टाळा. लातूरला क्लासला असलेल्या पोरांना मी खास सांगतो, परीक्षेच्या आठवड्यात फोनच्या कोणत्याच हो-म्हणा बटनाला हात लावू नका, रात्री आपोआप अपडेट व्हायचं सेटिंगपण तेवढ्यापुरतं बंद ठेवा.

नवीन फोन घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारता तसं एक आणखी विचारा, मोठी अपडेट किती आणि सिक्युरिटी किती साल. पिक्सेल ८ पासून गूगलनं आणि गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगनं सात सालांचा शब्द दिलाय, ते महाग फोन झाले, पण स्वस्तातल्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला पण सहा सालांचा शब्द आहे. ह्याच किमतीतल्या कितीतरी फोनांना एक नाहीतर दोनच मोठी अपडेट मिळतात. तोंडी ऐकू नका, कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून बघा. आणि हातातल्या फोनचं बघायचं असंल तर सेटिंग, अबाउट फोन, तिथं अँड्रॉइड व्हर्जन आणि त्याच्या आसपास सिक्युरिटी पॅचची तारीख लिहिलेली असते. ती तारीख साल-दीड साल जुनी असंल तर तुमच्या फोनाला नवीन अँड्रॉइड कधी येणार हा प्रश्नच उरत नाही, बँकेचं ॲप दुसऱ्या फोनवर कधी न्यायचं ते ठरवा. वॉरंटीत असताना कंपनीच्या अपडेटनंच फोन बिघडला आणि सर्व्हिस सेंटर पैसे मागायलंय, तर बिल आणि जॉबशीट (सर्व्हिस सेंटरनं दिलेला दुरुस्तीचा कागद) जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा, तिथं मराठीत बोलता येतं.